उघड्या ॲल्युमिनियमची चकाकी : भाव ठरवण्याआधी ग्राहकाला काय सांगावे?

मोटारीचे सुटे भाग विकत आणायचे, स्वतःच्या गॅरेजमध्ये ते जोडायचे आणि तीच गाडी रस्त्यावर काढायची, हा शौक इंग्लंडमध्ये चांगलाच रुजलेला आहे. त्यामागे सुरुवातीला पैशाचे गणितही होते. तयार मोटारीवर तेथे खरेदी कर बसे, सुट्या भागांच्या संचावर तो बसत नसे. १९७३ मध्ये त्या कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ही सवलत गेली. शौक मात्र राहिला. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली गाडी म्हणजे कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली 'सेव्हन'. १९७३ पासून ती केटरहॅम कंपनी बनवते. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर रिव्हेट मारून बसवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, अशी तिची साधी रचना. अनेक शौकीन या पत्र्यांना रंग देतच नाहीत. पत्रा घासून आरशासारखा करतात आणि तसाच उघडा ठेवतात.

आपल्या कारागीर बंधूंना यात घेण्यासारखे काय, असे कोणी विचारील. काम तर बफचेच आहे, आणि पितळ, स्टील, ॲल्युमिनियम यांना बफ मारणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोटारसायकलच्या इंजिनाचे झाकण असो की हॉटेलातील मोठे भांडे, ग्राहक ती चकाकी पाहून खूश होतो आणि ती कायमची आहे असे समजून पैसे देतो. तीन महिन्यांनी माल मंद पडला की तोच ग्राहक भांडायला येतो. इंग्लंडमधील हौशी लोक स्वतःच घासतात, म्हणून त्यांना ही गोष्ट लवकर कळते. आपल्याकडे घासणारा एक आणि वापरणारा दुसरा, म्हणून ती आधी सांगावी लागते.

ॲल्युमिनियम घासले की त्याच क्षणी हवेतील प्राणवायूमुळे त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतका पातळ, पारदर्शक आणि घट्ट असतो. धातूला तोच वाचवतो. म्हणजे चकाकी जाते ती या थरामुळे नव्हे. ओल, धूळ, मीठ आणि चुकीचा साबण यांनी थर बिघडतो, जाड व पांढरट होतो आणि मीठ असेल तर खाली बारीक खड्डे पडतात. सामू साधारण ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेल तोवर थर टिकतो. कडक आम्ल आणि कडक अल्कली दोन्ही त्याला खातात. ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने घासल्यावर काळे पडते, हे घरोघरी पाहिलेले आहे. कॉस्टिक, चुना आणि ओले सिमेंट यांचाही तोच गुण. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या खालच्या पत्र्याला लागते. आपल्या किनारपट्टीवर तर मीठ हवेतच आहे.

आता कामाकडे वळू. नव्या पत्र्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. ती महिनोन्‌महिने उन्हात राहू दिली तर तिचा गोंद वाळून चिकटून बसतो. ओरखडे असतील तरच पॉलिश पेपर हाती घ्यावा, आणि तोही लागेल तेवढाच बारीक. ६०० ने ओरखडा निघत असेल तर २४० ला हात लावू नये. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरला आडवा मारावा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही हे डोळ्यांना दिसते. कोरडा कागद ॲल्युमिनियमने लगेच भरून जातो, म्हणून पाणी किंवा थोडे रॉकेल वापरतात. १५०० किंवा २००० पर्यंत आल्यावर बफ. मसाला बदलला की चाकही बदलावे. स्टीलवर चाललेले चाक ॲल्युमिनियमवर आणू नये. त्यात अडकलेले कण रेघा काढतात आणि लोखंडाचा कण पत्र्यात रुतला तर तेथे डाग पडतो. चाक काठावरून बाहेरच्या बाजूला जाऊ द्यावे. काठाकडून आत गेले की ते पत्रा पकडते. सव्वा मिलिमीटरचा पत्रा एका जागी तापला तर फुगतो आणि मग दाबला की टक्‌ असा वाजतो. तो दोष पुढे पॉलिशने जात नाही.

घासताना निघणारी काळी मळी पाहून नवा मुलगा घाबरतो. ती घाण नसून मसाला आणि धातूची भुकटी आहे. शेवटी राहिलेला तेलकट थर काढायला कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा मऊ कापडावर घेऊन फिरवतात. उपाय घरगुती आहे, पण चालतो.

लॅकर मारून एकदाचे सुटावे, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते उघड्यावर राहणाऱ्या पत्र्यासाठी हा सौदा बहुधा तोट्याचा ठरतो. एखाद्या रिव्हेटपाशी किंवा ओरखड्यात लॅकर फुटले की पाणी आत शिरते आणि खाली अळीसारख्या बारीक रेषा पसरतात. मग सगळे लॅकर खरवडून पहिल्यापासून काम. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात बरा. तो काही आठवडेच टिकतो, पण पुन्हा लावायला अर्धा तास पुरतो. ज्याला तेवढीही सवड नाही त्याला आरसा न देता एकाच दिशेने घासलेला रेघांचा फिनिश द्यावा. त्यावर पुढचा ओरखडा नायलॉनच्या घासणीने त्याच दिशेला मारून मिसळून जातो.

धुण्याला साधे पाणी, सौम्य शाम्पू आणि लगेच कोरडे कापड पुरते. पत्र्याची मागची बाजूही पाहावी. पोलाद आणि ॲल्युमिनियम जेथे एकमेकांना टेकतात तेथे पाणी साचले की ॲल्युमिनियम आधी झिजते. म्हणून सांगाड्याला पक्का रंग आणि जोडात सीलंट हवे.

ॲनोडाइझ केलेल्या मालाला बफ मारला तर त्याचा मुद्दाम चढवलेला जाड थर निघून जातो. ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे मीटरची दोन टोके पृष्ठभागावर हलकेच टेकवणे. उघड्या ॲल्युमिनियममधून वीज वाहते, ॲनोडाइझ थरातून वाहत नाही.

भाव सांगताना पहिले काम आणि नंतरची देखभाल यांचे दोन वेगळे आकडे सांगावेत आणि पावतीवर लिहावेत. कल्हई पुन्हा करावी लागते हे गिऱ्हाईक जाणते आणि त्यावरून कोणी कल्हईवाल्याशी भांडत नाही. पॉलिशवाल्याने तोच समज आपल्या गिऱ्हाइकाला द्यावा. मालाचा एक कोपरा आधी करून दाखवला तर पुष्कळ वाद वाचतात.

यापेक्षा मोठा धोका गाळ्यातल्या धुळीचा आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट झाला आणि शंभराहून अधिक कामगार गेले. चौकशीत निघाले ते असे : धूळ जमा करणाऱ्या यंत्राचे पिंप गंजलेले होते, आत ओल शिरली, भिजलेली भुकटी आपोआप तापली आणि पेटली. लहान गाळ्यातही त्याच वस्तू असतात. ॲल्युमिनियमची भुकटी रोज उचलावी, ती लोखंडाच्या किसाबरोबर एका डब्यात टाकू नये आणि ओली भुकटी झाकण घट्ट लावून ठेवू नये, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. ग्राइंडरच्या ठिणग्या बफच्या जागेपासून दूर असाव्यात. पेट घेतलाच तर पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी. वाळूची बादली मशीनपासून दोन पावलांवर भरलेली असावी.