एजंटचे छापील कार्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फोन नंबर मिस्ड कॉलने पोहोचतो, फ्लॅटचे फोटो आणि लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, जाहिराती पोर्टलवर दिसतात. मग इस्टेट एजंटने व्हिजिटिंग कार्ड छापावे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर कोणी म्हणते, कार्डाचे दिवस संपले. कोणी म्हणते, हा धंदा ओळखीवर चालतो, तेव्हा दिसेल त्याच्या हातात कार्ड द्या. दोघेही कार्डाकडे नंबर पोहोचवणारा कागद म्हणूनच पाहतात आणि गफलत तिथेच होते. नंबर पोहोचवण्यात फोनने कार्डाला केव्हाच मागे टाकले आहे. कार्डाचे आजचे काम वेगळे आहे. आपण कोण आहोत हे एजंटने ग्राहकाला लेखी, पडताळून पाहता येईल असे सांगणे, हे ते काम. या कसोटीला उतरणारे कार्ड आजही उपयोगाचे आहे. न उतरणारे फुकट छापलेले.

गैरसमज १ : व्हॉट्सअ‍ॅपमुळे कार्ड कालबाह्य झाले.

वस्तुस्थिती : घरखरेदी एका बैठकीत होत नाही. ग्राहक काही महिने हिंडतो, अनेक साइट पाहतो, अनेक एजंटांशी बोलतो. त्याच्या फोनमध्ये ‘एजंट वाकड’, ‘ब्रोकर टू बीएचके’ अशी नावे साठत जातात. माणसाचे पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता, नोंदणी यांतले काहीच त्यातून कळत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे नाव व फोटो तर खातेदार स्वतःच ठरवतो. शिवाय निर्णय एकट्याचा नसतो. नवरा-बायको, आई-वडील, कर्जाचे पाहणारा भाऊ या सगळ्यांपुढे तीच माहिती जशीच्या तशी ठेवायला कार्ड सोयीचे पडते. फोनवरून गाठण्यालाही मर्यादा आहेत. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमांत रिअल इस्टेट हा जाहिरातींचा स्वतंत्र वर्ग आहे आणि १९०९ वर नोंद करून ग्राहक त्या वर्गाचे प्रचाराचे कॉल व मेसेज बंद करू शकतो. प्रत्यक्ष भेटीत दिलेल्या कार्डात पुढचा संपर्क साधायचा की नाही, हे ग्राहकाच्या हाती राहते. कार्ड हरवते, हा आक्षेप खरा आहे. पण ग्राहकाने त्याचा फोटो काढून ठेवला तरी उद्देश साधतो. छापलेल्या मजकुराची नोंद उरणे महत्त्वाचे.

गैरसमज २ : जाड, चकचकीत कार्ड म्हणजे भरवशाचा एजंट.

वस्तुस्थिती : साडेतीनशे जीएसएमचा कागद आणि सोनेरी फॉइल कोणालाही विकत मिळते. ‘कार्ड कोणीही छापू शकतो’ हा आक्षेप म्हणूनच बरोबर आहे. त्याचे उत्तर मजकुरात आहे. २०१६च्या रिअल इस्टेट कायद्याच्या कलम ९ नुसार, नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातील घरांच्या विक्रीचे काम करता येत नाही. नियम मोडल्यास कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो व्यवहारातील मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे होते, ती पाच वर्षांची असते आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. नोंदणीचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो. म्हणजे कागद स्वतः काही सिद्ध करत नाही, पण त्यावरचा क्रमांक खरे-खोटे करण्याची वाट उघडतो. जो एजंट तो ठळक छापतो, तो ग्राहकाला आपली तपासणी करायला सांगत असतो. विश्वास इथून सुरू होतो.

गैरसमज ३ : महारेराचा क्रमांक छापला म्हणजे सरकारची हमी.

वस्तुस्थिती : नोंदणी एजंटची असते. घराचे बांधकाम, जमिनीची मालकी किंवा ताबा वेळेवर मिळणे यांची हमी त्यातून मिळत नाही. कलम ९ चे बंधन नोंदणीकृत प्रकल्पांपुरते आहे. जुन्या इमारतीतला रिसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचे घर या व्यवहारांत ग्राहकाला कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासावीच लागतात. नोंदणी राज्यापुरती असते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या क्रमांकावर गोव्यातल्या नोंदणीकृत प्रकल्पाची विक्री करता येत नाही. त्यासाठी गोव्याची नोंदणी लागते. आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. महारेरात एजंटचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. कार्डावर फक्त ‘पी’चा क्रमांक असेल, तर एजंटची स्वतःची नोंदणी कुठे आहे, असे थेट विचारावे.

गैरसमज ४ : कार्ड म्हणजे जाहिरात नव्हे, त्यावर काहीही लिहिता येते.

वस्तुस्थिती : नुसते नाव-पत्ता असलेले कार्ड जाहिरात ठरत नाही. पण मागच्या बाजूला प्रकल्पाचे नाव, दर आणि सवलत छापली की गोष्ट बदलते, कारण कायद्यातली जाहिरातीची व्याख्या कोणत्याही स्वरूपाच्या प्रसिद्धीला लागू होण्याइतकी व्यापक आहे. कलम १० तर तोंडी, लेखी किंवा चित्ररूपाने केलेल्या दिशाभूल करणाऱ्या विधानांना मनाई करते. नसलेली मान्यता किंवा संलग्नता मिरवणे त्यातच येते. बिल्डरशी करार नसताना ‘अधिकृत भागीदार’ असे छापणे म्हणूनच धोक्याचे आहे. बोललेला शब्द नाकारता येतो, छापलेला पुरावा म्हणून उरतो. काही एजंटांना ही कार्डाची अडचण वाटेल, पण ग्राहकाच्या दृष्टीने कार्डाचे खरे मोल यातच आहे.

गैरसमज ५ : क्यूआर कोड टाकला की बाकी मजकुराची गरज नाही.

वस्तुस्थिती : क्यूआर सोयीचा आहे, पण तो उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. अनेक कोड एखाद्या सेवेच्या दुव्यावरून जातात. वर्गणी थांबली की तो दुवा मरतो आणि कार्ड मुके होते. म्हणून पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक डोळ्यांनी वाचता येईल असाच छापावा. क्यूआर त्याच्या जोडीला असावा.

राहिला कागदाच्या नासाडीचा मुद्दा. प्रदर्शनात मूठ-मूठ वाटलेली किंवा गाड्यांच्या वायपरखाली खोचलेली कार्डे कचराच होतात. त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. एजंटने थोडीच कार्डे छापावीत, नोंदणीचे नूतनीकरण झाले किंवा पत्ता बदलला की जुनी बाद करावीत आणि ज्याच्याशी खरे बोलणे झाले त्यालाच द्यावीत. ग्राहकाने टोकनची रक्कम देण्यापूर्वी कार्ड मागून घ्यावे आणि त्यावरचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासावा. आयुष्यभराची बचत ज्याच्या शब्दावर गुंतवायची, त्याने आपले नाव आणि नोंदणी लिहून द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती टाळणाऱ्या एजंटशी व्यवहार पुढे नेऊ नये.