वाट्याचे पाच किलो कुठे जातात?

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात तृतीयपंथी दुकानांपुढे टाळी वाजवून पैसे मागतात, तेव्हा त्यांच्या घरी रेशन येतं का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. बाजार मागणं, बाळ जन्मलेल्या घरची बधाई, रेल्वेच्या डब्यांतली फेरी ही त्यांची रोजची कमाई. त्यातूनच त्या दिवसाचं पीठ-मीठ येतं. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या, बाजार बंद झाले आणि ती कमाईच आटली. सरकारने मोफत धान्य जाहीर केलं, पण ते मिळालं कार्डधारकांना. केंद्राने तृतीयपंथीयांना दीड हजार रुपये देऊ केले, त्यासाठी बँक खातं हवं होतं.

कार्ड का नसतं? शिधापत्रिका निघते ती कुटुंबाच्या नावावर. घरच्यांनी हाकललेलं पोर एखाद्या तृतीयपंथी गुरूच्या आसऱ्याला जातं आणि त्याचं नाव मागे वडिलांच्या कार्डावरच राहतं. मग त्याच्या वाट्याचं धान्य त्याला नाकारणाऱ्या घरातच शिजतं. हे फार क्रूर आहे. नवं कार्ड काढायचं तर जुन्यातलं नाव कमी केल्याचा दाखला लागतो आणि त्यासाठी पुन्हा त्याच उंबऱ्यावर उभं राहावं लागतं. पत्त्याचा पुरावा मागितला, तर भाडेकरार करून देणारा घरमालक सापडत नाही.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं, हे चांगलंच झालं. पण गुरू आणि चेले एका चुलीवर जेवत असले, तरी कुटुंबाच्या त्या चौकटीत ते बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. तामिळनाडूने त्याआधीच, 2008 पासून, त्यांना शिधापत्रिका द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्राने कागदपत्रांच्या अटी सैल केल्या त्या 2022 मध्ये.

कार्ड मिळालं तरी हिशेब तोकडाच. प्राधान्य गटात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. सर्वांत गरिबांसाठीच्या अंत्योदय कार्डावर मात्र घरात एकच माणूस असला तरी 35 किलो मिळतं. 2011 च्या जनगणनेत राज्यात ‘इतर’ या रकान्यात 40,891 जणांची नोंद झाली. एवढ्यांना अंत्योदयात सामावून घेणं राज्याला जड नाही. तोवर हिंगोलीच्या पुरवठा विभागाने तालुक्या-तालुक्यात शिबिरं घ्यावीत आणि जुन्या कार्डातलं नाव कमी करण्याचं काम अर्जदाराला गावी न पाठवता कार्यालयातच उरकावं.