काठमांडू खोरे : कोसळूनही टिकलेला वारसा

हिमालयाच्या कुशीतील काठमांडू खोऱ्यात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन जुनी राजनगरे एकमेकांच्या जवळ वसली आहेत. या नगरांचे तीन दरबार चौक, स्वयंभूनाथ व बौद्धनाथ हे स्तूप आणि पशुपतिनाथ व चांगुनारायण ही मंदिरे, अशा सात वास्तुसमूहांना युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सातही स्थळे एका दिवसात उरकणाऱ्या सहलीत छायाचित्रे भरपूर मिळतात. परंतु या वारशाचे मर्म निसटते. ते उलगडण्यासाठी जाणकार मार्गदर्शकच हवा. चांगुनारायणाच्या प्रांगणातील मानदेव राजाचा स्तंभलेख इ.स. ४६४चा आहे. भक्तपूरचे पाच छपरांचे न्यातपोल मंदिर १७०२ मध्ये बांधले गेले आणि १९३४ व २०१५ च्या भीषण भूकंपांतही उभे राहिले. याउलट, ज्यावरून काठमांडूला नाव मिळाले, ते काष्ठमंडप २५ एप्रिल २०१५ रोजी कोसळले. पारंपरिक पद्धतीने त्याची फेरउभारणी २०२२ मध्ये पूर्ण झाली.

मग ही वास्तू जुनी म्हणावी की नवी? लाकूड-विटांच्या या मंदिरांची डागडुजी आणि पुनर्बांधणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. म्हणूनच तुळयांइतकेच नेवार कारागिरांचे कसब आणि अखंड चाललेली पूजाअर्चा हाही येथील वारसाच ठरतो. तो अनुभवायचा, तर भक्तपूरला किमान एक मुक्काम करावा. पहाटेच्या घंटानादात हे नगर संग्रहालय नव्हे, तर नांदते गाव असल्याचे उमगते.