पांढरा की तांबडा?

दिवाळी जवळ आली की घरोघर रंगाची चर्चा सुरू होते. एकाला चुन्याचा पांढरा रंग हवा असतो, दुसऱ्याला गडद तांबडा. हा वाद डोळ्यांच्या पसंतीचा. पण जळगाव-धुळ्याकडे त्याचा खरा निकाल लागतो तो मे महिन्यात, पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर चढतो तेव्हा!

निरभ्र दुपारी उन्हाला काटकोनात असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॉट सौरऊर्जा पडते. ताजा चुना तिच्यापैकी साधारण पाव भाग शोषतो. गडद तांबडा रंग पाऊण भागाच्या आसपास. म्हणजे दहा चौरस मीटरच्या छतावर ५००० वॉटचा फरक पडला. हजार वॉटच्या पाच शेगड्याच म्हणा ना! यातली बरीच उष्णता वारा आणि आकाश घेऊन जातात. उरलेली खाली उतरते. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर ती थोपवीत असे. पत्र्याला ते जमत नाही. आणि स्लॅब ती साठवतो व रात्री खोलीत सोडतो. तान्ही मुले आणि वृद्ध यांच्या तर ती जिवावर बेतू शकते. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छतांसाठी धोरणच जाहीर केले, ते उगीच नव्हे.

मग सारे घर पांढरेच रंगवावे काय? इथे थोडी भूमिती हवी. जळगाव आणि धुळे सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मेच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. किरण छतावर सरळ पडतात. दक्षिणेच्या भिंतीला ते नुसते चाटून जातात. सूर्य कलला की पश्चिमेची भिंत तापते. म्हणून छत आणि ही भिंत पांढरी असावी.

डिसेंबरअखेर मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या भिंतीवर भरपूर ऊन येते. तांबडा रंग हवाच असेल तर तो या भिंतीला द्यावा. उन्हाळ्यात फारसा जाच नाही, थंडीत थोडी ऊब!

पांढरा रंग रात्री उष्णता कोंडून ठेवतो, असे काहींना वाटते. ते खरे नाही. चुना काय किंवा तांबडा रंग काय, दोन्ही अवरक्त किरण जवळजवळ सारखेच बाहेर टाकतात. विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्हीच पडताळून पाहा. दोन सारखे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना आणि दुसऱ्याला गेरू लावा. दोन्हींत सारखे पाणी भरून ते तासभर उन्हात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा. मग दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून डबे सावलीत ठेवा व पुन्हा नोंदी घ्या. आलेख काढल्यावर तापण्यातला फरक आणि निवण्यातले साम्य लगेच दिसेल.

एक गोष्ट लक्षात असू द्या. धूळ बसली की चुन्याचा गुण कमी होतो. म्हणून भिंती दिवाळीला रंगवा. छताला चुन्याचा हात मात्र होळीच्या सुमारास द्या.