फुकट मिळणाऱ्या डेस्कटॉपची देखभाल कोण करते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती बंद केली. तेव्हापासून बाजारात एक प्रश्न वारंवार कानी येतो. दुकानातला संगणक चांगला चालतो आहे, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. मग तो भंगारात द्यायचा काय? कोणी सांगतो, लिनक्स टाका, फुकट आहे. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. फुकट म्हटले की आमचा हात आधी मागे जातो. तागा स्वस्त मिळत असेल तर तो पूर्ण उलगडून पाहावा, हे आम्ही गादीवर बसूनच शिकलो. म्हणून या मालाची चौकशीही आम्ही आमच्या पद्धतीने केली. हा माल बनवतो कोण? बिघडला तर दुरुस्त कोण करतो? आणि बनवणारा उद्या उठून गेला तर काय?

डेस्कटॉप म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. ही झाली यंत्राची मोटर. गिऱ्हाइकाला मोटर दिसत नाही, काऊंटर दिसते. संगणक सुरू केल्यावर दिसणारा पडदा, त्यावरील चौकटी, फायलींची कपाटे, खालची पट्टी, घड्याळ, आवाजाचे बटण, या सगळ्या संचाला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्सवर असे अनेक डेस्कटॉप आहेत. केडीई आणि ग्नोम हे त्यांतले दोन मोठे. हे दोन्ही खुले आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि परवान्याच्या अटी पाळून पुढे देऊ शकतो.

एका विद्यार्थ्याची हाक

योगायोग असा की तारीख तीच, १४ ऑक्टोबर, पण साल १९९६. त्या दिवशी जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातील मथायस एट्रिश या विद्यार्थ्याने जगभरच्या प्रोग्रामरांना हाक दिली. त्याची तक्रार साधी होती. लिनक्सवरील प्रत्येक प्रोग्रामचा तोंडवळा वेगळा आणि चालवण्याची रीतही वेगळी. साध्या माणसाने काय करावे? अनेकांनी साद दिली आणि १२ जुलै १९९८ रोजी केडीईची पहिली आवृत्ती बाहेर आली.

पण एक अडचण होती. केडीई ज्या तयार भागांवर उभे होते ते 'क्यूटी' नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचे होते आणि त्या वेळी त्याचा परवाना पूर्णपणे खुला नव्हता. विणकाम आपले, पण सूत दुसऱ्याच्या हातात, असा हा मामला. यावर दोन उपाय झाले. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये 'ग्नोम' हा वेगळा डेस्कटॉप सुरू केला. केडीईवाल्यांनी कंपनीशी लेखी करार केला. त्यासाठी १९९८ साली एक संस्थाच स्थापन झाली. करार असा की कंपनीने क्यूटीची खुली आवृत्ती काढणे थांबवले, तर क्यूटी अधिक मोकळ्या परवान्याखाली जगाला देऊन टाकण्याचा हक्क या संस्थेला राहील. २००० साली क्यूटी जीपीएल या खुल्या परवान्याखाली आले. पुढे २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने घेतली, २०१२ मध्ये क्यूटी डिजिया कंपनीकडे गेले. मालक बदलत गेले, करार टिकला. तोंडी व्यवहारावर विसंबून हात पोळलेल्या आमच्या बांधवांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

बनवण्यापेक्षा सांभाळणे अवघड

डेस्कटॉप एकदा बनवला की काम संपले, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक भागाला एक किंवा अधिक सांभाळणारे असतात. जगातून कोणीही दुरुस्ती पाठवू शकतो, पण ती तपासून आत घ्यायची की परत पाठवायची हे सांभाळणारा ठरवतो. एक टाका घालताना दुसरीकडे उसवले तर त्याची तक्रारही त्याच्याकडेच येते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघते. शिवाय खालचा पाया स्थिर नसतो. पडद्यावर चित्र उमटवणारी 'एक्स' ही व्यवस्था १९८४ सालची. तिच्या जागी 'वेलँड' आणण्याचे काम २००८ साली सुरू झाले आणि केडीईच्या प्लाझ्मा ६ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, वेलँड ही मूळ निवड ठरली. मध्ये सोळा वर्षे गेली. इतके काम होऊनही वापरणाऱ्याला पडदा जवळपास तसाच दिसतो.

चुकाही झाल्या. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० अर्धेकच्चे बाहेर आले आणि जुने वापरकर्ते नाराज झाले. खुद्द तोरवाल्ड्स केडीई सोडून ग्नोमकडे गेले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने सगळी मांडणीच बदलली, तेव्हा त्यांनी ग्नोमवरही टीका केली. रोजचे गिऱ्हाईक दुकानात आले आणि सगळी कपाटे जागा बदललेली दिसली, तर ते शेजारच्या दुकानात जाणारच.

येथे खुल्या मालाचा फायदा दिसला. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने २०११ साली जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन 'माटे' हा डेस्कटॉप सुरू केला. कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पण नुसती नक्कल घेऊन भागत नाही. जुना ग्नोम ज्या भागांवर उभा होता ते जीटीके २ कालबाह्य होत चालले होते. सगळा डेस्कटॉप जीटीके ३ वर चढवायला माटेवाल्यांना २०१७ साल उजाडले. हक्क एका दिवसात मिळाला, जबाबदारी सहा वर्षे पुरली.

वही बुडता बुडता वाचली

मार्च २०१३ मधील एक प्रसंग प्रत्येक दुकानदाराने वाचावा. केडीईचा कोड ज्या मुख्य यंत्रावर होता, ते देखभालीसाठी थांबवून पुन्हा सुरू केले, तर आतील साठा खराब झालेला निघाला. सुमारे १,५०० कोडसंग्रह त्यावर होते. जगभर त्यांच्या प्रती ठेवलेल्या होत्या, म्हणून चिंता नको असे वाटले. पण त्या प्रती मुख्य यंत्राकडे पाहून आपोआप बदलत होत्या. मूळ बिघडले तसे प्रतीही बिघडल्या. नशिबाने एका यंत्रावर चांगली प्रत उरली होती, तिच्यावरून सर्व परत उभे राहिले. आरशात दिसते ती प्रत नव्हे, एवढा धडा त्यांना मिळाला. आमच्यापैकी किती जणांची खतावणी एकाच संगणकात आहे आणि तिची 'प्रत' त्याच संगणकाला कायम जोडलेल्या ड्राइव्हमध्ये आहे? जुन्या काळी दुसरी वही घरी ठेवत, ती रीत शहाणपणाची होती.

पैसा कोठून येतो?

सगळेच हौशी कार्यकर्ते नाहीत. रेड हॅटसारख्या कंपन्या पगार देऊन माणसे या कामाला लावतात. केडीईची जर्मनीत नोंदणी झालेली संस्था आहे, ती देणग्यांवर चालते. ग्नोमला २०२३ मध्ये जर्मन सरकारच्या निधीतून दहा लाख युरो मिळाले. पण फायदा घेणारे फार आणि खर्च उचलणारे थोडे, हे चित्र आहेच. केडीईच्या ब्राउझरसाठी लिहिलेले 'केएचटीएमएल' ॲपलने २००३ साली सफारीसाठी घेतले. त्यातून वेबकिट झाले आणि वेबकिटमधून २०१३ साली क्रोमचे ब्लिंक. आज मोबाइलवर पान उघडणारा बहुतेक प्रत्येक जण त्या कामाच्या वारसाचा लाभ घेतो. मूळ केएचटीएमएल मात्र सांभाळायला माणसे उरली नाहीत आणि २०२४ च्या नव्या संचातून ते गळाले.

आमची अक्षरे

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, म्हणून एका नावाने आम्हाला थांबवले. ग्नोम आणि केडीई दोन्हीकडे पडद्यावर अक्षरे जुळवण्याचे काम 'हर्फबझ' करते. हे फारसी 'हर्फ बाज', म्हणजे खुले अक्षर. ते मूळच्या इराणच्या बेहदाद इस्फहबोद यांनी नावारूपाला आणले. मराठीचे जोडाक्षर नीट जुळते आणि उर्दूचा नस्तालीक वळण घेत उतरतो, तो या एकाच कारागिरीमुळे. अशा ठिकाणी आमच्या तरुणांना काम आहे. मराठी वा उर्दू भाषांतर तपासणे, चुकलेला शब्द कळवणे, यासाठी प्रोग्रामर असावे लागत नाही.

दुकानदाराने काय करावे?

घाईने संगणक पुसू नका. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी पाहा. त्यात आतला हिशेब जागचा हलत नाही. तुमचा हिशेबाचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो की नाही, हे मुनीम आणि कर सल्लागारासमोर तपासा. बरेच प्रोग्राम विंडोजसाठीच बनलेले असतात. बिल छापणारा प्रिंटर आणि बारकोडचे यंत्र जोडून बघा. महिनाभर जुने आणि नवे दोन्ही चालवा. हिशेबाची एक प्रत संगणकापासून सोडवून घरी ठेवा. आणि काम जमले, तर वर्षाकाठी परवान्यापोटी जे वाचले त्यातला थोडा हिस्सा सांभाळणाऱ्यांना पाठवा. पैसा नसेल तर चुकीची नीट तक्रार कळवा, तीही मदतच आहे. ज्या यंत्रमागाच्या तेलपाण्याचा खर्च कोणीच देत नाही, तो किती दिवस चालतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.