पात्याचे कॉफी-ग्राइंडर : रूढ समज आणि वस्तुस्थिती

जबलपूरहून मिर्झापूरच्या जुन्या हमरस्त्याने सिहोऱ्याकडे जाताना लागणारे पनागर हे कॉफीच्या मळ्यांपासून फार दूरचे गाव. परंतु कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतल्यावर तेथील कामगारांनी १९५७ पासून ज्या सहकारी संस्था उभारल्या, त्यांपैकी जबलपूरच्या संस्थेची कॉफी हाऊसे ह्या मुलखाच्या चांगल्या परिचयाची आहेत, आणि दुधात उकळून वर जायफळ किसलेल्या कॉफीचा शिरस्ता इकडच्या मराठी घरांतून आहेच. आता कूर्गच्या किंवा आपल्या वऱ्हाडातील चिखलदऱ्याच्या बिया आणून घरीच पूड करण्याची हौस ज्यांना लागली आहे, त्यांच्या हाती प्रथम बहुधा पात्याचे विजेचे ग्राइंडरच येते. त्याविषयीचे गैरसमज मात्र यंत्राबरोबर फुकट मिळतात.

सर्वांत रूढ समज असा की हे यंत्र जात्याप्रमाणे दळते. जात्याच्या दोन तळ्यांमधील अंतर पिठाचा बारीकपणा ठरविते. येथे असे अंतरच नसते. पोलादी पाते अतिवेगाने फिरते, त्याच्या तडाख्यात सापडलेली बी फुटते, आणि न सापडलेली तशीच राहते. म्हणून एकाच भांड्यात वस्त्रगाळ पूड आणि जाडी भरड शेजारी शेजारी नांदतात. पाणी लागताच पूड आपला कडवटपणा लवकर सोडते, भरडीचा अर्क मात्र अपुरा उतरतो, आणि पेला एकाच वेळी कडू व पांचट लागतो. ह्यात कसूर बियांची नसते. भांडे निम्म्याहून अधिक न भरता, बटण दोन-तीन सेकंदच दाबून सोडावे, यंत्र हलवून वरचा माल खाली आणावा आणि पुन्हा दाबावे. एवढी तजवीज केली तरी पूड पुष्कळ सारखी होते.

दुसरा समज वॅटचा. वॅटच्या आकड्यावरून यंत्र किती वीज खेचते हे कळते, पूड किती एकसारखी होईल हे नव्हे. किंबहुना ज्या घरात मिक्सर आणि त्याचे चटणीचे लहान भांडे आहे, त्या घरात पात्याचे ग्राइंडर आधीपासूनच आहे. तेव्हा नवे यंत्र घेण्यापूर्वी त्यात मूठभर बिया घालून पाहाव्यात, ही माझी पहिली शिफारस.

पात्याच्या उष्णतेने कॉफी जळते, असेही म्हणतात. बिया भाजल्या जातात त्या सुमारे दोनशे अंशांच्या आसपासच्या तापमानात; घरगुती पाते तेथवर पोहोचत नाही. तथापि तापलेल्या पुडीचा सुगंध लवकर उडतो आणि लहान मोटरला सतत चालण्याची सवय नसते, म्हणून थांबत थांबत दळणे उभयपक्षी हिताचे. महिन्याची पूड एकदम करून ठेवणाऱ्यांनी मात्र हा सुगंध आपणहून गमावलेला असतो. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून लागेल तेवढ्याच दळाव्यात, विशेषतः पावसाळ्यात.

घरी दळलेल्या कॉफीला बाजारच्या फिल्टर पुडीसारखा गडद रंग येत नाही, ही तक्रार यंत्राच्या माथी मारली जाते. वास्तविक त्या रंगाचा धनी बहुधा चिकोरी असते. भाजलेल्या मुळांची ही पूड मिसळण्यास कायद्याची मुभा आहे, फक्त मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी. दुधात उकळून गाळणीने गाळायच्या आपल्या कॉफीला पुडीचा ओबडधोबडपणा फारसा जाणवत नाही. दाक्षिणात्य फिल्टरसाठी मध्यम-बारीक पूड पुरे. अतिबारीक केली तर भोके बुजतात. एस्प्रेसोचा हव्यास असेल तर ह्या यंत्राचा नाद सोडून कंगोरेदार चकत्यांचे ग्राइंडर घ्यावे.

मिरे-जिरे आणि कॉफी एकाच भांड्यात दळू नये, कारण तेलकट कॉफी वास धरून ठेवते. वेलदोड्याचा वास राहिला तर आपल्या घरांत तक्रार व्हायची नाही, परंतु अखंड जायफळ पात्याखाली टाकू नये, त्याला किसणीच बरी. खरेदी करताना वॅटपेक्षा भांडे मोटरपासून सुटे होते की नाही ते पाहावे, कारण सुटे नसेल तर ते धुता येत नाही, ओल्या फडक्याने पुसावे लागते. आणि दोन्ही परिस्थितींत पात्याला बोट लावण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढलेला असावा.