हाडांना धक्के हवेत

सहामाही जवळ आली की वेळापत्रकातल्या पीटीच्या तासाला गणिताच्या बाई येतात. पालकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. खेळायचं ते वजन आटोक्यात राहावं म्हणून. आमचा तर काडीपैलवान, त्याला काय गरज? या हिशेबात हाडं कुठेच नसतात.

हाड वरून दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत असतं. उडी मारून पाय जमिनीवर आपटला की मांडीचं हाड अगदी किंचित वाकतं. हाडाच्या आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातला द्रव या वाकण्यानं ढकलला जातो आणि तिथे बसलेल्या 'ऑस्टिओसाइट' पेशींना ते जाणवतं. मग त्या हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. नुसतं उभं राहून हे होत नाही, कारण तेव्हा भार असला तरी तो बदलत नाही. पोहण्यानं हृदय आणि फुप्फुसं उत्तम होतात, पण पाणी शरीर तोलून धरतं, त्यामुळे हाडांच्या पदरात फारसं काही पडत नाही. हाडांना आपटणंच लागतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात यावर एक साधा प्रयोग झाला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून 3 दिवस, 61 सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून दर वेळी 100 उड्या मारायला लावल्या. दुसऱ्या गटाला फक्त ताणाचे व्यायाम दिले. सात महिन्यांनी उड्या मारणाऱ्यांच्या खुब्यातलं खनिज दुसऱ्या गटापेक्षा सुमारे साडेचार टक्के जास्त भरलं, कण्यातलं तीन टक्के. 2001 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. (उड्या देखरेखीखाली होत्या, घरातल्या कपाटावरून हा प्रयोग करू नये.) खुबा हेच ते ठिकाण, जिथलं हाड मोडल्यावर आजी अंथरुणाला खिळते.

वयाचा मुद्दा मात्र याहून महत्त्वाचा. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांची हाडं वर्षानुवर्षं मोजली. प्रौढपणी अंगात जेवढं हाडांचं खनिज असतं, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा वयात येतानाच्या अवघ्या दोन वर्षांत साठतो. हा वेग मुलींमध्ये साडेबाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, मुलांमध्ये चौदाव्या. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासले, तेव्हा पाळी येण्याआधी खेळायला लागलेल्यांच्या रॅकेटच्या हातातला फायदा उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला.

आणि आपल्याकडे साडेबाराव्या वर्षी मुलीचं काय होतं? सातवी. क्लास सुरू झालेला असतो, गणवेशाची ओढणी आलेली असते आणि 'आता मोठी झालीस, काय उड्या मारतेस' हे वाक्य घरातच ऐकू येतं. लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या हे सगळे आपटण्याचे खेळ, आणि हाडांना ते सर्वांत जास्त उपयोगी असतात नेमके तेव्हाच सुटतात. मला यात मोबाइलपेक्षा या वाक्याचा दोष मोठा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे खेळ. संघटनेच्या अभ्यासानुसार 2016 मध्ये जगातली 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं यात कमी पडत होती. दूध, नाचणी, ऊन यांचं महत्त्व आहेच. पण तो कच्चा माल झाला, बांधकामाचा हुकूम धक्क्यातूनच सुटतो.

हाडांच्या पेशींची एक खोड शाळांच्या सोयीची आहे. सलग धक्के बसत राहिले तर थोड्याच वेळात त्या दाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ताज्या होतात. म्हणजे रविवारी एकदम दोन तास मैदानावर सोडण्यापेक्षा रोज सकाळी परिपाठानंतर दहा मिनिटं दोरी आणि दुपारी सुटताना दहा मिनिटं लंगडी जास्त कामाची. त्यासाठी मैदानही मोठं लागत नाही. फरसबंदीचं अंगण आणि खडूची एक रेघ पुरते.